वाटणीत आलेले प्रोफेसर

“गावडे, ते निपाणीचं प्रकरण आता मिटवा,” विभागप्रमुख डॉ. जोतिबा गावडे यांना म्हणाले.

प्रकरण म्हणजे तुम्ही समजता तसलं काही नव्हे. तसलं काही असतं तर गावड्यांच्या आईनं स्वर्गात पेढे वाटले असते. हे प्रकरण म्हणजे संशोधन होतं. बेळगावातल्या एका मॅनेजमेंट कॉलेजात गावडे प्राध्यापक होते आणि त्यांचा विषय होता ‘कौटुंबिक व्यवसायांचे संचालन आणि धोरण’. साध्या भाषेत सांगायचं तर बापानं उभं केलेलं दुकान पोरांनी एकमेकांची डोकी न फोडता कसं चालवावं, हा तो विषय. त्यावर गावड्यांनी निबंध लिहिले होते, परदेशात जाऊन भाषणं दिली होती. प्रत्येक निबंधाच्या शीर्षकात ‘कुटुंब’ हा शब्द असायचा. कुटुंब त्यांच्या वाट्याला आलं ते तेवढंच.

आईवडील होते तोवर जांबोटीला घर होतं. आता एक बहीण गोव्यात, तिचा दिवाळीला फोन. लग्न आधी पीएचडीसाठी थांबलं, मग नोकरी कायम होण्यासाठी थांबलं, आणि नंतर विचारणारेच थांबले. ‘अडचणीच्या वेळी कुणाला कळवावे’ असं कॉलेजनं एकदा विचारलं, तेव्हा गावड्यांनी बराच विचार करून कॉलेजचाच नंबर दिला होता.

“दोन वर्षं एकच भांड्याचं दुकान बघताय,” प्रमुख म्हणाले. “त्या दुकानातलं पातेलंसुद्धा इतकं टिकत नसेल.”

“एक प्रश्नावली राहिलीय सर,” गावडे म्हणाले. तशी कुठलीही प्रश्नावली राहिली नव्हती. ती त्याच क्षणी त्यांच्या तोंडात जन्माला आली. “वारसदार कोण, या विषयावर. गोपनीय आहे. प्रत्येकाला वेगळं बसवून विचारायचं.”

“ठीक आहे. पण महिनाअखेर अहवाल माझ्या टेबलावर, तुमची बढती त्यावरच आहे. मग निपाणी बंद.”

निपाणी बंद म्हणजे रविवार बंद, हे प्रमुखांना माहीत नव्हतं. त्यांच्या घरी रविवारी बायको, सासू, दोन मुली आणि एक कुत्रा असे. गावड्यांच्या टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये एक वाटी होती. समोरच्या राजाबाईंनी नागपंचमीला तिच्यातून खीर दिली होती. “वाटी सावकाश द्या,” असंही त्या म्हणाल्या होत्या. आता रिकामी वाटी परत करायची नसते, एवढे संस्कार जांबोटीहून गावड्यांबरोबर आलेच होते. पण घालायचं काय? त्यांना चहा येई आणि अंडी उकडता येत. एकदा खडेबाजारातून पेढे आणावेत असं त्यांच्या मनात आलं, पण राजाबाई विचारणार, “पेढे कसले?” आणि त्याला उत्तर नव्हतं. म्हणून ती वाटी फळीवर बसली होती, ‘राजाबाई’ हे नाव पुढं करून. घरात दुसऱ्या माणसाचं नाव असलेली तेवढी एकच वस्तू होती. गावडे ती अधूनमधून पुसत.

रविवार मात्र वेगळा. रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून निपाणीची बस पकडत.

निपाणीच्या बाजारपेठेत ‘बोरगावे आणि मुलगे’ हे भांड्याचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर, मध्ये एक दार आणि दाराला पडदा. दुकान जिनाप्पा ऊर्फ आप्पा बोरगाव्यांचं. थोरला जिनेंद्र गल्ल्यावर बसे, धाकटा सौरव माल आणायला फिरे. थोरली सून दिव्या, धाकटी दिपाली, आणि या सगळ्यांच्या वर जिनाप्पांच्या पत्नी प्रेमलाकाकू. गावड्यांनी या घराला शास्त्रशुद्ध ‘कुटुंब परिषद’ लावून दिली होती. रविवारी तीन वाजता सगळे दुकानात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसत. गावडे मागचं इतिवृत्त वाचत, सगळे माना हलवत, नवा विषय निघे, त्यावर एकमत होई. दोन वर्षांत एकदाही मतभेद झाला नव्हता. इतकं सुसंवादी कुटुंब आपण पाहिलं नाही, असं गावड्यांनी परदेशातल्या एका चर्चासत्रात ठासून सांगितलं होतं.

त्यांचा एक नियम होता. संशोधकानं पाहुणचार घ्यायचा नाही, कारण पाहुणचारानं निष्कर्ष वाकतो. पाण्याची बाटलीसुद्धा ते घरून आणत. सुरुवातीला प्रेमलाकाकू आग्रह करायच्या, “सर, चार घास खाऊन जावा की. दिवस मावळायच्या आत आमचं आटपतं.” जैनांचं घर, सूर्यास्तानंतर चूल बंद. गावडे हात जोडून म्हणत, “नियमात बसत नाही, काकू.” पुढं काकूंनी विचारणं सोडलं. पाच वाजता ते उठत. पडद्याआडून फोडणीचा वास नेमका तेव्हाच येई. मग ते बसस्टँडवर उभ्याउभ्या भजी खाऊन बेळगावला परत येत.

तर त्या रविवारी गावड्यांनी गोदामाचं दार लावून घेतलं आणि जिनेंद्रला एका पिंपावर बसवलं.

“हे फक्त तुमच्या-माझ्यात राहील,” ते म्हणाले. “आप्पांच्या नंतर दुकान कुणी बघावं असं तुम्हाला वाटतं?”

जिनेंद्रचा चेहरा उतरला. “का? आप्पा काय बोलल्यात काय?”

“ते मला सांगता येत नाही.”

“म्हंजे बोलल्यात.”

“तसं नाही हो. तुम्ही तुमचं सांगा. आणि बाहेर गेल्यावर कुणाजवळ बोलू नका.”

“सौरवला बी न्हाय?”

“सौरवना तर मुळीच नाही.”

जिनेंद्र उठून गेला तो पिंपाला ठेचकाळतच. मग सौरव आला. बसायच्या आधीच त्यानं विचारलं, “अण्णा काय सांगून गेला?”

“गोपनीय आहे.”

“मग माझ्या विरोधातच असणार. चांगलं असतं तर तुमी सांगिटलंच असतं.”

या तर्काला संशोधनाच्या कुठल्याच पुस्तकात उत्तर नव्हतं. गावडे गप्प राहिले, आणि गप्प राहण्याचा जो अर्थ व्हायचा तो झाला. दिपालीला त्यांनी विचारलं, “या घरात तुमचं स्वतःचं असं काय आहे?” ती म्हणाली, “माझं?” आणि गोदामातल्या भांड्यांकडं बघायला लागली. हजारो भांड्यांच्या घरात ती सून होऊन आली होती. त्यातली एक वाटी तरी आपली आहे का, हा विचार तिला आजवर शिवला नव्हता. तो आता शिवला.

एकत्र कुटुंबात बाहेरचा माणूस एकेकाला बाजूला घेऊन ‘म्हाताऱ्यानंतर काय’ असं विचारायला लागला, तर आपल्याकडं त्याचा अर्थ एकच होतो. पंच आलाय, वाटणी निघाली. हे निपाणीच्या शेंबड्या पोरालाही कळतं. गावड्यांना कळलं नाही, कारण ते या विषयाचे तज्ज्ञ होते.

सोमवारी सकाळी जिनेंद्रचा फोन आला. “सर, खरं सांगा. आप्पानी बोलवून घेटलंय व्हय तुमास्नी? वाटणीसाटी?”

“छे छे. कुणी काय सांगितलं ते मला बोलता येत नाही.”

दुपारी सौरव, संध्याकाळी दिव्या, मंगळवारी स्वतः जिनाप्पा. “सर, पोरं वायलं व्हायचं म्हणाय लागल्यात काय?” म्हाताऱ्याचा आवाज बारीक झाला होता. गावड्यांनी तेच पवित्र वाक्य त्यांनाही ऐकवलं. इथं एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. गावड्यांना तो आठवडा फार आवडला. ज्या फोनवर फक्त कर्ज घेता का म्हणून विचारणारे बोलायचे, तो दिवसातून चारदा वाजत होता आणि पलीकडचा माणूस “सर, तुमीच सांगा” म्हणत होता. आपण आग लावली आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांना फक्त ऊब लागत होती.

पुढच्या रविवारी ते दुकानात शिरले तेव्हा आतून ‘कर्रर्र’ असा आवाज येत होता. भांड्यांवर नाव घालायच्या मशीनचा. आता भांड्याच्या दुकानात हा आवाज नवा नाही. पण तो घरातून येत होता, आणि तिथंच सगळं बिनसलं होतं. अख्ख्या निपाणीच्या भांड्यांवर बोरगाव्यांनी नावं घातली होती, पण त्यांच्या स्वतःच्या घरात एकाही भांड्यावर नाव नव्हतं. “समदं घराचं. नाव कशाला?” असं प्रेमलाकाकू अभिमानानं सांगत. मंगळवारी दिपालीनं एका तांब्यावर ‘दिपाली’ घातलं. बुधवारी दिव्यानं सहा ताटांवर ‘दिव्या’ घातलं. मग दिपालीनंही ताटं घेतली, आणि ताटं संपतील या भीतीनं दोघींनी वाट्या धरल्या. सदलग्याला दिलेली लेक सौम्या बातमी ऐकून गुरुवारीच येऊन थडकली आणि म्हणाली, “पोरींचा बी हक्क हाय आता.” तिनं एका ताटावर आणि पुरणाच्या सगळ्यात मोठ्या पातेल्यावर नाव घालून घेतलं आणि ते पातेलं उशाला घेऊनच झोपली.

जिनाप्पा खुर्चीत एवढेसे होऊन बसले होते. “सर,” ते म्हणाले, “आमची वाटणी करा म्हणून तुमास्नी कुणी सांगिटलं?”

“वाटणी?” गावडे दचकले. “अहो आप्पा, मी फक्त… निरोगी कुटुंबात हा विषय मोकळेपणानं बोलला जातो, एवढंच माझं म्हणणं.”

“व्हय का?” जिनेंद्र म्हणाला. “मग बोलूया की मोकळं.”

“बोलूयाच,” सौरव म्हणाला.

आणि परिषद भरली. गावड्यांनी दोन वर्षं जे जे शिकवलं होतं ते सगळं त्या दिवशी बोरगाव्यांनी वापरलं. कुणी कुणाला मध्ये तोडलं नाही. दुकान थोरल्याला, गोदाम धाकट्याला. शेताचे दोन भाग, लेकीला तिचा हिस्सा. आईवडील सहा-सहा महिने. सगळं शांतपणे, सभ्यपणे, एकमतानं. गावड्यांना आपलाच सिद्धांत डोळ्यांपुढं इतक्या सुरेख रीतीनं सिद्ध होताना दिसला आणि त्यांना रडू यायला लागलं. एका घराची दोन झाली तर परिषद कसली, आणि परिषद नाही तर रविवार कसला? “पुन्हा एकदा विचार करू या,” ते म्हणत होते. “नको सर,” दोघे भाऊ म्हणत होते, “तुमच्यामुळं मोकळं झालं बगा.”

उन्हं उतरली तशी पडद्यामागून प्रेमलाकाकूंचा आवाज आला, “ताटं घेतल्यात. उठा.” सगळे उठून आत गेले. गावड्यांना कुणी ‘चला’ म्हटलं नाही. म्हणणार कसं? दोन वर्षं त्यांनीच तशी सवय लावली होती.

पाचची बस केव्हाच गेली होती. गावडे एकटे दुकानात बसून राहिले. भोवती छतापर्यंत ताटं, वाट्या, पातेली, पराती, आणि खायला कशात काही नाही. एवढ्या भांड्यांत एक माणूस उपाशी बसलेला त्या दुकानानं आजवर पाहिला नसेल. त्यांना वाटलं, आपल्या आयुष्याचं दुसरं काही चित्र काढायची गरजच नाही. आता उठावं, जावं, अहवाल लिहावा.

तेवढ्यात आत आवाज चढले.

“आणि सर कुणाकडं येणार?” हा दिव्याचा आवाज.

“आमच्याकडं,” जिनेंद्र म्हणाला. “दुकान माझ्याकडं, म्हंजे परिषद माझ्याकडं.”

“वा रं वा! त्यास्नी बेळगावास्नं आणलं कुणी? मी आणलं! व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात मी भेटलतो त्यास्नी, तू न्हाय!” सौरव ओरडला.

“आन् त्यांची खुर्ची दर रविवारी पुसून कोण ठेवतंय?” दिपाली म्हणाली. “मी! सर आमच्या वाटणीचं.”

“मग एक रविवार हिकडं, एक तिकडं,” सौम्यानं तोडगा काढला.

“पाळीनं दूध काढायला म्हस हाय व्हय ती?” प्रेमलाकाकू कडाडल्या.

मग जे भांडण पेटलं ते गावड्यांनी दोन वर्षांत स्वप्नातही पाहिलं नव्हतं. “तू गप!”, “तुजंच खरं कायम!”, “लहानपणापास्नं असाच हाईस!” सगळे एकाच वेळी बोलत होते आणि प्रत्येक वाक्यात ‘सर’ होते. गावडे खुर्चीवरून उठले आणि पाय न वाजवता पडद्याजवळ गेले. त्यांच्यावरून आजवर कुणी भांडलं नव्हतं. ते कुणाच्या वाटणीत आले नव्हते. पुढचं नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी भिंतीला हात टेकला. ती भिंत नव्हती, डब्यांची उतरंड होती.

त्या आवाजानं रस्त्यावरचे लोक थांबले. डबे कोसळले, त्यांनी घागरींना घेतलं, घागरींनी पराती घेतल्या, आणि सगळ्यात शेवटी एक झाकण गोल गोल फिरत गावड्यांच्या पायाशी येऊन निजलं. पडदा सारून अख्खं घर बाहेर आलं.

“अरं अक्कल हाय का न्हाय तुला?” प्रेमलाकाकू ओरडल्या. हातात उलथणं होतं. “पडद्याआडनं ऐकतोस? प्रोफेसर हाईस न्हवं? दोन वरसं ह्या घरात येतोस, पाणी म्हणून घेतलं न्हाईस आमच्या हातचं! आन् उलटं आमच्या घरात आग लावतोस? कशाला काढलीस असली प्रश्नं?”

वीस वर्षांत गावड्यांना कुणी ‘अरे’ म्हटलं नव्हतं. त्यांना नीट उत्तर सुचेना, म्हणून खरं ते तोंडून गेलं.

“अभ्यास संपला होता, काकू. म्हणजे इथं यायचं संपलं असतं. म्हणून काढली.”

काकूंनी उलथणं खाली घेतलं.

“एवढ्यासाटी?” त्या म्हणाल्या. “मग जेवायला येतो म्हणायचं की, मुडद्या.”

जिनाप्पांना एकदम हुरूप आला. ते खुर्चीतून ताठ उठले. “साकु! बास!” ते गरजले. आप्पा कन्नडवर आले की विषय संपला, हे घराला माहीत होतं. “दुकान तोडलं, गोदाम तोडलं, आमास्नी बी तोडलं, तवर कुणी आवाज चढिवला न्हाय. एक माणूस वाटता येईना तुमास्नी, दुकान कसलं वाटताय? वाटणी रद्द. चला, उन्हं हाईत तवर उरका.”

“पण आप्पा, निर्णय परिषदेत व्हायला हवा,” गावडे सवयीनं म्हणाले.

दोघे भाऊ एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी जिनेंद्र चाचरत म्हणाला, “सर, रागाव नगासा. परिषदेत तुमी लई मन लावून लिवता, म्हणून आमी एकमत देत हुतो. आमचं खरं भांडण ताटावर. गोदाम घेटलं ते ताटावरच ठरलं. तुमी पाचच्या गाडीला गेलासा की आमी बसायचो.”

दोन वर्षांचं संशोधन पडद्याच्या या बाजूला झालं होतं आणि कुटुंब त्या बाजूला होतं. गावड्यांना राग यायला हवा होता. त्यांना भूक लागली.

आत नवाच पेच होता. नावं कोरलेली ताटं आता पुसता येणार नव्हती. दिव्या आणि दिपाली आपापल्या नावाची ताटं छातीशी धरून उभ्या होत्या. प्रेमलाकाकूंनी ती सगळी हिसकावून घेतली आणि निकाल दिला, “आता नियम ऐका. ज्याचं नाव, त्याला ते ताट मिळायचं न्हाय.” दिव्याला ‘दिपाली’ मिळालं, दिपालीला ‘दिव्या’. जिनेंद्र धाकट्या भावजयीच्या नावावर जेवला. गावड्यांपुढं भाकरी, आमटी, शेंगांची चटणी आणि दही आलं. व्यवसाय-संचालनाचा याहून पक्का नियम आपण कुठं वाचला होता, हे आठवायचा त्यांनी घासाघासाला प्रयत्न केला. आठवला नाही. निघताना काकूंनी शेंगांचे लाडू बांधून दिले.

सोमवारी सकाळी त्यांनी राजाबाईंची वाटी लाडवांनी भरून दारावर टकटक केली.

“बाई गं!” राजाबाई म्हणाल्या. “मला वाटलं, तुमच्यात वाटी परत द्यायची पद्धत न्हाय.”

आणि मग अर्धा तास दारातच बोलत राहिल्या. गावडे कॉलेजला उशिरा पोचले.

“अहवाल?” प्रमुखांनी विचारलं.

“होणार नाही, सर,” गावडे म्हणाले. “निरीक्षक जेवला.”

बढती गेली. त्याचं वाईट वाटलं, नाही असं नाही. त्याहून वाईट गेला शनिवार. आता प्रश्न नाहीत, परिषद नाही, मग निपाणीला काय म्हणून जायचं? त्या दिवशी भांडणाच्या भरात बोलले असतील लोक. रविवारी बसस्टँडवर त्यांनी एक बस सोडली, दुसरी सोडली. तिसरीत हिय्या करून चढले. पाण्याची बाटली घरी विसरली होती.

दुकानात पोचले तेव्हा उन्हं कलली होती. कुणी स्वागत केलं नाही. पडद्याआडून काकूंचा आवाज आला, “कवा यायचं हे? आमटी निवाय लागली. हात धू आधी.”

ताटं मांडली होती. नियम पाळून गावड्यांना ‘सौम्या’ मिळालं होतं. ते बसले, आणि बसल्यावर त्यांची नजर समोर जिनाप्पांच्या ताटाकडं गेली. काठावर ताजं कोरलेलं, अजून चकाकणारं नाव होतं, जोतिबा. पुढं डॉक्टर नाही, मागं सर नाही. त्या नावावर आप्पा भाकरी कुस्करून आमटी ओतत होते. घराच्या बाकीच्या भांड्यांत ते ताट आता रोज घासलं जाणार होतं, रोज कुणाच्या तरी पुढं येणार होतं, आणि गावडे बेळगावात असतील त्या दिवशीसुद्धा त्यांच्या नावावर इथं कुणीतरी जेवणार होतं.

“काय बगतोस रं?” आप्पा म्हणाले.

“काय न्हाय,” गावडे म्हणाले, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून जांबोटीची बोली निसटली. “आमटी वाडा की वाईच.”